पाण्यातले मीठही जेवणात धरा

पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत पाण्याची जात विचारली तर उत्तर एका शब्दात मिळते : गोडे किंवा खारे. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोल्यातील मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि पुढे बुलढाण्यातील शेगाव, संग्रामपूरपर्यंत हा खारपाणपट्टा पसरला आहे. राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पात खारपाणपट्टा म्हणून पूर्णेच्या खोऱ्यातील ९३२ गावे घेतली आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्णेने शेकडो मीटर जाडीचा गाळ साठवला. या गाळात अडकलेल्या भूजलात क्षार मुरलेले आहेत. बोर कितीही खोल घेतली तरी पाणी मचूळच लागते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.

म्हणूनच इथले पिण्याचे पाणी धरणांवरून आणावे लागते. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान, दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर, अकोला शहराला काटेपूर्णा ही त्यातली परिचित नावे. पण नळाला पाणी येण्याचे दिवस लांबले, पाइपलाइन फुटली किंवा उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला की घराघरात पुन्हा बोरचे पाणी भरले जाते. कोणी ते तसेच पिते, कोणी नळाच्या पाण्यात मिसळून पुरवते, तर कोणी वीस लिटरचा जार विकत घेते.

पाणी खारे आहे हे जीभ सांगते. ते किती खारे, आणि कोणत्या क्षाराने खारे, हे मात्र जीभ सांगू शकत नाही. रक्तदाबाच्या रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला नेमके तेच हवे असते. पाण्यातला क्षार मोजण्याची विद्या कुठवर आली आहे आणि तिचा आपल्या तब्येतीशी संबंध काय, ते आज पाहू.

टीडीएसचा आकडा कशाचा?

आता गावोगावी पेनासारखे टीडीएस मीटर आले आहेत. आरओ विकणारा ते पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि घरचे घाबरतात. हे मीटर प्रत्यक्षात क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजते आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून 'एकूण विरघळलेले क्षार' असे दाखवते. पाण्यात क्षार जास्त, तर वीज जास्त वाहते. इथपर्यंत ठीक आहे.

पण वीज वाहून नेणारे सगळेच क्षार मीटरला सारखे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड, सल्फेट, नायट्रेट या साऱ्यांची एकच बेरीज तिथे दिसते. आठवडी बाजारातून आणलेल्या पिशवीचे वजन पाच किलो भरले, एवढे कळल्याने पिशवीत वांगी आहेत की कांदे हे कळत नाही, तसेच हे. टीडीएस ९०० असलेल्या दोन विहिरींपैकी एकीत मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असू शकतात, म्हणजे पाणी जड. दुसरीत मुख्यतः साधे मीठ असू शकते. रक्तदाबाच्या रुग्णासाठी या दोन विहिरी सारख्या नाहीत.

उलटही होते. टीडीएस ४०० म्हणून 'चांगले' ठरवलेल्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट असू शकते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत अमरावती, बुलढाणा, वर्धा, यवतमाळ ही नावे आहेत. शेतातले खत, गोठा आणि शौचालयाचे शोषखड्डे यांतून नायट्रेट पाण्यात उतरते. त्याला ना चव ना वास. आणि पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे तर टीडीएस मीटरला मुळीच कळत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १०५०० ने, म्हणूनच प्रत्येक घटकाची मर्यादा वेगळी दिली आहे. लिटरमागे टीडीएस ५०० मिलिग्रॅम, क्लोराईड २५०, फ्लोराईड १. दुसरा स्रोतच नसेल तर ही मर्यादा अनुक्रमे २०००, १००० आणि १.५ पर्यंत सैल केली जाते. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे कोणतीही सूट नाही.

थेंब मोजण्याची विद्या

एकच घटक वेगळा मोजायचा तर रसायनशास्त्राची जुनी पद्धत म्हणजे टायट्रेशन. बारावी विज्ञानापर्यंत शिकलेल्यांना ब्युरेट आठवत असेल. पाण्यातले क्लोराईड मोजायचे असेल तर त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. चांदी आणि क्लोराईड भेटले की पांढरा साका बनतो. सगळे क्लोराईड संपले की चांदीचा पुढचा थेंब मोकळा राहतो आणि आधी टाकलेल्या पिवळ्या क्रोमेटशी मिळून विटकरी रंग देतो. रंग बदलला की थांबायचे आणि किती द्रावण लागले ते पाहायचे. जितकी चांदी लागली, त्या प्रमाणात क्लोराईड होते.

ही पद्धत आपल्या गावातही आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासणीचे किट देऊन प्रशिक्षण दिले जाते. बहुतेक किटमध्ये जडपणा आणि क्लोराईड यांची तपासणी म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब मोजणे. तेच टायट्रेशन.

डॉक्टरांच्या बोलण्यातही हा शब्द रोज येतो. अतिदक्षता विभागात रुग्णाचा रक्तदाब पडला असेल तर आम्ही औषध 'टायट्रेट' करतो, म्हणजे थोडे देतो, परिणाम पाहतो, मग वाढवतो किंवा कमी करतो. थोडे घालणे, पाहणे, पुन्हा थोडे घालणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

थेंबांच्या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. रंग केव्हा बदलला हे डोळ्याने ठरवायचे. गढूळ पाण्यात ते अवघड. द्रावण जुने झाले, उन्हात राहिले तर आकडा चुकतो. शिवाय प्रत्येक नमुन्याला माणूस हवा, म्हणून ही तपासणी वर्षातून एक-दोनदाच होते.

थेंबाऐवजी वीज

यावर उत्तर सापडले ते विजेत. मायकेल फॅरेडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास दाखवून दिले की द्रावणातून जितकी वीज जाते, तितक्याच प्रमाणात पदार्थ विरघळतो किंवा साचतो. हा हिशेब इतका पक्का आहे की १९०८ ते १९४८ या काळात विजेच्या अँपिअर या एककाची आंतरराष्ट्रीय व्याख्याच चांदीवरून केलेली होती : एका सेकंदात १.११८ मिलिग्रॅम चांदी साचवणारा प्रवाह म्हणजे एक अँपिअर.

मग चांदीचे द्रावण बाटलीत करून ठेवायचे कशाला? पाण्याच्या नमुन्यात चांदीची तारच बुडवावी आणि तिच्यातून ठरावीक वीज सोडावी. तारेतून चांदीचे कण मोजून मापून बाहेर पडतात आणि क्लोराईडला पकडतात. क्लोराईड संपले की मोकळी चांदी पाण्यात राहते. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या जोडीला ती लगेच जाणवते आणि यंत्र बंद होते. रंग पाहायला नको, ब्युरेट नको, फक्त घड्याळ पाहायचे. हंगेरीतील सेबेलेदी आणि शोमोदी यांनी १९३८ मध्ये विजेने असे टायट्रेशन करण्याची पद्धत मांडली.

हिशेब आपणही करून पाहू. लिटरला १००० मिलिग्रॅम क्लोराईड असलेल्या बोरच्या पाण्याचा एक मिलिलिटरचा दहावा भाग घेतला आणि १० मिलिअँपिअर वीज सोडली, तर यंत्र साधारण २७ सेकंदांनी थांबेल. तेवढ्याच पाण्यात क्लोराईड २५० असेल तर सात सेकंदांच्या आतच थांबेल. सेकंद सांगतील ते खरे.

दवाखान्यात ही पद्धत येऊन सहा दशके उलटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत कॉटलव्ह आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये रक्तातील क्लोराईड मोजणारे असे स्वयंचलित यंत्र मांडले. सिस्टिक फायब्रोसिस या बालकांच्या आनुवंशिक आजाराचे निदान घामातल्या क्लोराईडवरून होते, त्यासाठीही ही पद्धत वापरली गेली. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराईड असलेला घाम हे त्या आजाराचे लक्षण.

आज बहुतेक रुग्णालयांत त्याच घराण्यातले पुढचे यंत्र असते : इलेक्ट्रोलाइट ॲनालायझर. त्यात सोडियमसाठी वेगळा, पोटॅशियमसाठी वेगळा आणि क्लोराईडसाठी वेगळा इलेक्ट्रोड असतो. प्रत्येक जण आपल्याच आयनाला ओळखतो. उष्माघाताच्या रुग्णाचे रक्त दिले की काही मिनिटांत तिन्ही आकडे हाती येतात. असाच फक्त फ्लोराईड ओळखणारा इलेक्ट्रोड १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी तयार केला. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या फ्लोराईडग्रस्त जिल्ह्यांच्या दृष्टीने तो फार उपयोगाचा. घरातल्या ग्लुकोमीटरची पट्टीही विजेचा प्रवाह मोजूनच साखर सांगते.

एकदा मोजणे आणि सतत मोजणे

पुढचा टप्पा सतत चालणाऱ्या टायट्रेशनचा. यात नमुना बाटलीत घेत नाहीत. पाणी किंवा हवा यंत्रातून वाहत राहते. वाहत्या धारेत वीज हवे ते रसायन तयार करते, इलेक्ट्रोड ते कमी पडले की जास्त झाले ते पाहतो, आणि त्याच्या सांगण्यानुसार वीज आपोआप कमी-जास्त होते. कायम 'आता पुरले' या टोकावर राहायचे, एवढेच यंत्राचे काम. त्यासाठी किती वीज लागली, हाच घटकाचा आकडा. कागदावर त्याची रेघ उमटत राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हवेतला विषारी मस्टर्ड वायू हुडकण्यासाठी असे यंत्र बनवले गेले. त्यात वीज ब्रोमीन तयार करी आणि ब्रोमीन त्या वायूशी टायट्रेट होई. शाफर, ब्रिग्लिओ आणि ब्रॉकमन यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

आपल्या पाण्याच्या व्यवस्थेतही हा फरक दिसतो. गावातला जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असे समजते, पण ते त्या क्षणापुरते. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत मात्र पाण्यातले उरलेले क्लोरीन इलेक्ट्रोडने सतत मोजण्याची यंत्रे बसवता येतात. क्लोरीन कमी झाल्याचे काही मिनिटांत कळते, कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ आल्यावर कळत नाही.

खारेपणाच्या बाबतीत सतत मोजण्याला आणखी महत्त्व आहे, कारण खारेपणा ऋतूनुसार बदलतो. पावसाळ्यात विहिरीत वरून गोडे पाणी मिसळते, उन्हाळ्यात तीच विहीर उपसून उपसून मचूळ होते. नळाचे आणि बोरचे पाणी एका टाकीत मिसळले जात असेल तर आकडा आठवड्याआठवड्याला बदलतो. आरओच्या पडद्याची झीज झाली की जारचे पाणीही हळूहळू खारट होत जाते. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या एका नमुन्यावरून मे महिन्याचे पाणी ठरवणे म्हणजे दिवाळीतल्या साखरेच्या रिपोर्टवर उन्हाळ्यात औषध देण्यासारखे आहे.

तीन लिटर पाणी, पाच ग्रॅम मीठ

आता डॉक्टरच्या खोलीत येऊ. खारपाणपट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांची एक नेहमीची तक्रार असते : "साहेब, भाजीतलं मीठ तं अर्ध्यावर आनलं, तरी बीपी काहून उतरत नाही?" अशा वेळी औषध वेळेवर घेता का, लोणचे-पापड खाता का, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारतोच. त्यासोबत आणखी एक प्रश्न हवा : "मावशी, पाणी कोणतं पिता, नळाचं का बोरचं?"

कारण पुढचा हिशेब साधा आहे. क्लोराईड लिटरला १००० मिलिग्रॅम असलेले, म्हणजे दुसरा स्रोत नसताना मानकानेही चालवून घेतलेले पाणी घ्या. हे सगळे क्लोराईड सोडियमसोबत आहे असे धरले तर एका लिटरमध्ये सुमारे १.६५ ग्रॅम मीठ होते. तीन लिटर पाण्यात जवळपास पाच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे भाकरी-भाजीचा एकही घास न खाता दिवसाचे मीठ नुसत्या पाण्यातून पोटात गेले. आणि आपल्या भागात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की शेतात राबणारा माणूस तीन लिटरवर थांबत नाही.

प्रत्येक विहिरीत सगळेच क्लोराईड सोडियमसोबत नसते, काही कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबतही असते. म्हणून क्लोराईडसोबत सोडियमही तपासले तर उत्तम. पण साध्या मिठाची वरची मर्यादा कळायला क्लोराईडचा आकडाही पुरतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. बांगलादेशच्या किनाऱ्यालगत खुलना जिल्ह्यातील दाकोप भागात समुद्राचे पाणी गोड्या पाण्यात शिरते. तिथल्या गर्भवतींच्या अभ्यासात पिण्याचे पाणी जितके खारे, तितका गरोदरपणातील रक्तदाबाचा आणि प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त दिसून आला. आपली जमीन समुद्रापासून दूर असली तरी मीठ शरीरात गेल्यावर ते कुठून आले हे मूत्रपिंड पाहत नाही.

'खाऱ्या पाण्याने किडनी जाते' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. पाण्यातले सोडियम रक्तदाब वाढवते आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड झिजवतो, हा दुवा समजण्यासारखा आहे. मुतखड्याच्या बाबतीत दुसरी बाजूही असते : पाणी मचूळ लागते म्हणून लोक कमी पितात, लघवी गडद होते आणि खडा बनायला वाव मिळतो. सगळा दोष पाण्यावर टाकून साखर आणि बीपीची तपासणी टाळणारा रुग्ण मात्र स्वतःचेच नुकसान करून घेतो.

घरी आणि गावात काय करता येईल?

पहिले, टीडीएसवर थांबू नका. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड आणि जडपणा हे चार आकडे मागून घ्या. शक्य असेल तर सोडियमही. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर.

दुसरे, उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटते आणि क्षारांचे प्रमाण वाढते. तुरटी गढूळपणा काढते, मीठ काढत नाही. साध्या कँडल फिल्टरनेही मीठ जात नाही. क्षार काढायला आरओ लागतो आणि त्याचा पडदा वेळेवर बदलावा लागतो.

तिसरे, धरणाचे गोडे पाणी नियमित येत असेल तर आरओ लागेलच असे नाही. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते, कारण आरओ बरेच पाणी वाया घालवतो. खारपाणपट्ट्यात तो गरजेचा असू शकतो, शहरात धरणाच्या नळावर तो बहुधा चैन ठरतो.

चौथे, घरात गर्भवती, रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर उपलब्ध गोडे पाणी आधी त्यांना पिण्यासाठी राखा. धुणीभांडी बोरच्या पाण्यावर होऊ द्या. बाळाला पावडरचे दूध द्यावेच लागत असेल तर ते नायट्रेट तपासलेल्या पाण्यातच बनवा. नायट्रेट जास्त असेल तर लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. आईचे दूध घेणाऱ्या सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी लागतच नाही.

पाचवे, ओआरएसची पुडी खाऱ्या पाण्यात कालवू नका. पुडीत लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असावे असे माप ठरलेले आहे. वरच्या उदाहरणातले पाणी वापरले तर त्यात आणखी सुमारे २८ मिलिमोलची भर पडते. जुलाबाने सुकलेल्या लहान मुलाला ते जड जाऊ शकते. मात्र दुसरे पाणी नाही म्हणून ओआरएस द्यायचेच थांबवू नका, लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात या.

सहावे, बीपीचा कागद घेऊन डॉक्टरकडे जाताना पाण्याचा रिपोर्टही घेऊन जा. आणि औषध आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

मोजण्याची विद्या उपलब्ध आहे. रक्तातले सोडियम काही मिनिटांत मोजणारे तंत्र पाण्यालाही लागू पडते, आणि एका मोठ्या पाणीपुरवठा योजनेवर सतत मोजणारे यंत्र बसले तर अनेक गावांचा आकडा एका जागी मिळू शकतो. तोवर निदान एवढे व्हावे. गावातल्या टाकीवर ती धुतल्याची तारीख रंगवलेली असते. तिच्या खालीच त्या महिन्याचा क्लोराईडचा आकडा लिहावा. तो वाचून गावातल्या बीपीच्या माणसाला ताटात मीठ किती घ्यायचे हे स्वतःच ठरवता येईल.